फोनवरची शाळा: नववी-दहावीच्या मुलांना साथीत मिळालेल्या साधनांचं पालकांच्या बाजूने परीक्षण

जून २०२० मध्ये नववीत गेलेलं मूल मार्च २०२२ मध्ये दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसलं. मधल्या काळात शाळा उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावीचे वर्ग स्थानिक प्रशासनाच्या परवानगीने सुरू झाले, पण मुंबईसह काही शहरांत तेव्हा ती परवानगीच मिळाली नाही. दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलूप लागलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने आणखी काही आठवडे गेले. एप्रिल २०२१ मध्ये नववीची वार्षिक परीक्षा न घेता मुलांना दहावीत घातलं गेलं. या तुकडीचं बरंचसं माध्यमिक शिक्षण घरातल्या एका फोनवर झालं.

त्या फोनवर शासनाने आणि शाळांनी जे दिलं त्यातलं काय चाललं, काय फसलं आणि का, हे इथे मांडलं आहे. महापालिका, शासकीय, जिल्हा परिषद आणि खासगी अनुदानित शाळांतल्या मराठी माध्यमाच्या मुलांपुरतं हे परीक्षण आहे. यातली बहुतेक साधनं आजही वापरात आहेत. शाळा पुरामुळे बंद असली किंवा मूल आजारी पडून महिनाभर घरी राहिलं, की शिक्षक त्यांचाच आधार घेतात.

आधी एकूण मत. धडा मुलापर्यंत पोचवण्यात ही व्यवस्था बऱ्यापैकी यशस्वी ठरली. मुलाची वही शिक्षकापर्यंत परत नेण्यात ती फार कच्ची होती. वर्गात बीजगणिताचे सर बाकांमधून फिरतात, एखाद्याने समीकरणात −५ उजवीकडे नेताना चिन्ह बदललं नाही हे वहीत बघतात आणि तिथल्या तिथे बोट ठेवतात. व्हिडिओ कितीही चांगला असला तरी हे बोट त्यात नसतं. मूल रोज दोन तास फोनसमोर असूनही तेच चिन्ह सहा महिने चुकत राहतं आणि कोणाला कळत नाही. ‘अभ्यास झाला का?’ या प्रश्नाला मूल खरेपणाने ‘हो’ म्हणत होतं, तरी आईवडिलांचा जीव थाऱ्यावर नव्हता, त्यामागचं कारण हे.

दीक्षा अॅप: पाचपैकी साडेतीन

हे केंद्र शासनाचं अॅप २०१७ पासून आहे. बालभारतीच्या नव्या पुस्तकांत धड्याजवळ क्यूआर कोड छापलेला असतो, तो दीक्षातून स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ, पीडीएफ आणि सरावप्रश्न उघडतात. एप्रिल २०२० पासून ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या अभ्यासमालेतून पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (पालक-शिक्षकांच्या तोंडी ती एससीईआरटी) रोज जे दुवे पाठवले, तेही बरेचसे दीक्षाचेच होते.

अॅप पहिल्यांदा उघडताना मंडळ, माध्यम आणि इयत्ता निवडावी लागते. मंडळ महाराष्ट्र राज्याचंच निवडा. इथे घाईत दुसरं काही निवडलं गेलं, तर अॅपच्या मुखपृष्ठावर आपली पुस्तकं दिसतच नाहीत आणि पालक समजतात की अॅपमध्ये काही नाही. जुन्या फोनचा कॅमेरा धूसर असेल किंवा पुस्तकाचं पान चुरगळलेलं असेल, तर कोड स्कॅन होत नाही. अशा वेळी क्यूआर चौकोनाखाली छापलेली सहा अक्षरं-अंकांची खूण हाताने टाइप करा, तोच मजकूर उघडतो. हे फार कमी शाळांनी पालकांना सांगितलं.

व्हिडिओ बघण्याआधी उतरवून घ्या. पहाटे किंवा रात्री उशिरा नेटवर्क मोकळं असतं तेव्हा आठवड्याचे धडे उतरवून ठेवले, की दिवसा रेंज नसली तरी चालतं. उतरवलेला मजकूर एका फोनवरून दुसऱ्यावर इंटरनेटशिवायही देता येतो, त्यामुळे वस्तीत एकाने उतरवलं तरी चार घरांचं काम होतं. गावोगाव हे काम शेअरइटवर चालायचं. २९ जून २०२० ला केंद्राने ५९ अॅपवर बंदी घातली, त्यात शेअरइट होतं आणि वह्यांचे फोटो पीडीएफ करणारं कॅमस्कॅनरही होतं. नेमकं शैक्षणिक वर्ष सुरू होताना ही दोन्ही हत्यारं गेली. फायली देण्यासाठी ‘फाइल्स बाय गूगल’ आणि वही स्कॅन करायला गूगल ड्राइव्हमधलं स्कॅन किंवा अॅडोबी स्कॅन, हे पर्याय बिनखर्चाचे आहेत आणि तेवढेच सोपे.

दीड गुण कापला तो तीन कारणांनी. पहिलं म्हणजे दर्जा एकसारखा नाही. विज्ञानाच्या एखाद्या घटकाला सुरेख सचल चित्रं मिळतात, तर पुढच्याच घटकाला पुस्तकातली पानं पीडीएफ करून ठेवलेली असतात. गणितात उदाहरण सोडवून दाखवणारा माणूस वेगाने पुढे जातो. तिथे मुलाला व्हिडिओ थांबवून पुढची पायरी आधी स्वतः लिहायला लावायची आणि मग ताडून बघायचं, तरच उपयोग.

दुसरं कारण पुस्तकाचं. मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत मिळतात, नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात. २०१७ मध्ये नववीचा आणि २०१८ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम बदलला. ज्यांनी शेजारच्या ताईची त्याआधीची पुस्तकं घेतली, त्यांच्याकडे नवे कोड तर नव्हतेच, धडेही वेगळे होते. ई-बालभारतीवर सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत, पण भूमितीची आकृती पाच-सहा इंची पडद्यावर बघून रचना काढता येत नाही. गणिताचे दोन भाग आणि विज्ञान (दहावीला त्याचेही दोन भाग) तरी कागदावर हवेतच. बाकीचे विषय पीडीएफवर निभावतात.

तिसरं कारण गंभीर आहे. मे २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दीक्षा मुलांचं नेमकं ठिकाण टिपू शकतं असं आढळलं. जानेवारी २०२३ मध्ये तर लाखो शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती उघड्या सर्व्हरवर पडून होती हे बाहेर आलं. शासनाने मुलांना ज्या अॅपकडे पाठवलं, तिथे हे होता कामा नये होतं. धडे बघायला लॉगिन लागत नाही, पाहुणा म्हणून वापरता येतं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन दीक्षाची लोकेशनची परवानगी बंद करा, धडे त्यावाचून चालतात. प्रोफाइलमध्ये मुलाचं पूर्ण नाव घालू नका.

वर्गाचा व्हॉट्सअॅप गट: पाचपैकी तीन

खरी शाळा इथे भरली. शिक्षक सकाळी गृहपाठ टाकतात, मुलं संध्याकाळी वहीचे फोटो टाकतात. वेगळं अॅप नको, थोड्या डेटात भागतं आणि वडील रात्री कामावरून फोन घेऊन आल्यावरही सगळं तिथेच असतं. ज्या घरात फोन एकच आणि तोही दिवसा बाहेर, त्या घरासाठी इतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं.

फसायचं ते असं. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल तेव्हा १६ एमबीच्या आत दाबली जायची. शिक्षकांनी फळ्यावर दहा मिनिटं शिकवलेलं दाबलं गेलं, की घातांक आणि शून्य सारखेच दिसतात. तोच व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर दर्जा टिकायचा आणि तेव्हा १०० एमबीपर्यंत पाठवता यायचं. डेटा जास्त लागतो, म्हणून भाषेच्या तासाला साधा व्हिडिओ आणि गणिताच्या तासाला डॉक्युमेंट, असा भेद करणाऱ्या शिक्षकांचं काम उठून दिसलं. त्याहून चांगला उपाय म्हणजे कागदावर मोठ्या अक्षरात सोडवलेल्या उदाहरणाचा फोटो आणि सोबत तीन मिनिटांचा आवाज. ‘आता दुसरी ओळ बघा, इथे कंस का उघडला…’ अशा आवाजी निरोपाला व्हिडिओच्या मानाने अगदी किरकोळ डेटा लागतो, आणि मूल तो पाच वेळा ऐकू शकतं. साथीच्या दोन वर्षांत गणित शिकवायची याहून स्वस्त आणि पक्की रीत आमच्या पाहण्यात नाही.

पालकांच्या फोनची जागा भरणं हे दुसरं दुखणं. सहा विषय, पन्नास मुलं, प्रत्येकाचे दोन-तीन फोटो, आणि सगळे आपोआप गॅलरीत उतरतात. १६ जीबीचा फोन काही आठवड्यांत तुंबतो. व्हॉट्सअॅपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, गटाच्या माहितीत जाऊन गॅलरीत दिसणंही बंद करा. मग हवं तेवढंच उघडायचं.

सर्वांत मोठी गोष्ट गृहपाठ कुठे पाठवायचा ही. सगळ्यांनी गटातच वह्या टाकल्या, की पहिल्या हुशार मुलाचा फोटो आला की बाकीच्यांच्या वह्या त्याच्यासारख्या होतात, चुकांसकट. गृहपाठ शिक्षकांच्या नंबरवर वेगळा जायला हवा. पण पन्नास मुलांचे सहा विषयांचे फोटो एका शिक्षकाने रोज स्वतःच्या फोनवर तपासणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, हेही पालकांनी समजून घ्यावं. जिथे हे जमलं तिथे हजेरी क्रमांकाने गट पाडले होते: सोमवारी १ ते १०, मंगळवारी ११ ते २०. आठवड्यात एकदाच, पण पूर्ण वही, आणि फोटोवर लाल रेघ ओढून परत. रोजच्या ‘छान’च्या अंगठ्यापेक्षा आठवड्याची एक लाल रेघ कितीतरी जास्त शिकवते. मुलांसाठी पालक सभेत हेच मागा.

फोटो काढायची पद्धत मुलाला एकदा बसून दाखवा. वही जमिनीवर खिडकीशेजारी, फोन वहीला समांतर, सावली पानावर पडणार नाही असं उभं राहायचं. एका फोटोत एकच पान. पानाच्या उजव्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक, विषय आणि पान क्रमांक आधी लिहायचे. तिरका, अर्ध्या उजेडातला फोटो शिक्षक मोठा करून वाचत बसत नाहीत, बसूही शकत नाहीत.

‘फक्त अॅडमिन निरोप पाठवू शकतील’ ही सोय शाळा वापरतात, कारण शुभेच्छांच्या गर्दीत गृहपाठ हरवतो. कारण पटण्यासारखं आहे, पण त्यात मुलाचा प्रश्नही बंद होतो. दिवसातला एक तास, समजा संध्याकाळी सात ते आठ, गट मोकळा ठेवून फक्त शंका विचारू देणं हा मधला मार्ग आहे.

थेट तास, मीट आणि झूमवर: पाचपैकी दोन

ऑगस्ट २०२० मध्ये राज्याने गूगलशी करार करून क्लासरूम आणि त्यासोबतची साधनं शाळांसाठी आणली. जुलैच्या सूचनांप्रमाणे नववी ते बारावीला ४५ मिनिटांची जास्तीत जास्त चार सत्रं घ्यायची होती. मुलांच्या डोळ्यांचा विचार करून घातलेली ही मर्यादा योग्य होती. अडचण डेटाची. व्हिडिओसह मीटला तासाला ढोबळमानाने एक जीबी लागतो, म्हणजे चार सत्रांना तीन. गोरगरिबांच्या फोनवर तेव्हा रोजचा दीड जीबीचा पॅक असायचा, ८४ दिवसांना साडेपाचशे ते सहाशे रुपये. दुसरा तास संपता संपता डेटा संपायचा, आणि मग उरलेल्या ६४ केबीपीएस वेगात लिखित निरोप जातो, तास चालत नाही. भावंडं दोन असतील तर गणित आणखी बिघडतं.

उपाय आहेत. मुलाचा कॅमेरा बंद ठेवा, मीटच्या सेटिंगमध्ये डेटा मर्यादित ठेवण्याची सोय चालू करा आणि पार्श्वभूमीत चालणारी अॅप थांबवा. भाषा आणि इतिहासाचे तास आवाजावर भागतात. थेट चित्र फक्त भूमिती आणि विज्ञानाच्या आकृत्यांना द्या, आणि तेही शिक्षकांचा फोन वरून खाली कागदाकडे रोखलेला असेल तरच. भिंतीवरच्या फळ्याकडे दुरून वळवलेल्या कॅमेऱ्यात कंपासचं टोक कुठे ठेवलं ते कोणालाच दिसत नाही.

फुकटचं झूम ४० मिनिटांनी तुटतं. तास ४५ मिनिटांचा. जी पाच मिनिटं जातात ती शेवटची, म्हणजे शंकांची. झूम वापरायचंच असेल तर २५ मिनिटं शिकवणं आणि १० मिनिटं प्रश्न, असं आधीच कापून घ्यावं.

तासाला हजेरी लागली म्हणजे मूल ऐकत होतं असं नाही, ही शंका प्रत्येक घरात होती आणि ती रास्त होती. मुलाच्या पाठीमागे उभं राहून पाळत ठेवण्यापेक्षा अँड्रॉइडमधलं स्क्रीन पिनिंग वापरा. तास उघडून पडदा पिन केला की पासवर्डशिवाय दुसऱ्या अॅपवर जाता येत नाही. तास संपल्यावर मुलाने वहीत तीन ओळी लिहाव्यात: आज काय झालं, काय कळलं नाही, उद्या काय विचारायचं. त्या ओळी वाचायला आईवडिलांना विषय यावा लागत नाही.

घरात मुलगा आणि मुलगी दोघंही माध्यमिक शाळेत असतील तर फोन कोणाच्या हातात किती वेळ जातो याचा कागद भिंतीवर लावा. मुलीचा तास स्वयंपाकाच्या वेळेला येतो आणि बुडतो, हे सहज घडतं आणि कोणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच लिहून ठेवायला हवं.

दूरदर्शन: पाचपैकी दोन

सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ जुलै २०२० मध्ये सुरू झाली, चांगली होती, पण ती पहिली ते आठवीसाठी. दहावी-बारावीसाठी ‘ज्ञानगंगा’ जून २०२१ मध्ये आली. म्हणजे २०२०-२१ मधल्या नववीला यांतलं काहीच मिळालं नाही आणि पुढच्या वर्षी त्याच पायावर दहावी चढवावी लागली. डेटा लागत नाही हा टीव्हीचा फार मोठा फायदा, पण तास ठरलेल्या वेळी येतो, थांबवता येत नाही, आणि त्या वेळेला वीज गेली की गेला. ज्या शाळांनी आदल्या दिवशी वेळापत्रक आणि त्या तासावरचे पाच प्रश्न गटात टाकले, तिथे मुलं वही घेऊन बसली. बाकी ठिकाणी टीव्ही चालू राहिला एवढंच.

व्हॉट्सअॅप स्वाध्याय: पाचपैकी अडीच

नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेली ही आठवडी चाचणी. दिलेल्या नंबरवर नमस्काराचा निरोप पाठवायचा, मुलाचं नाव, इयत्ता, माध्यम आणि शाळेचा ११ अंकी यूडायस कोड द्यायचा, मग बहुपर्यायी प्रश्न यायचे. महाराष्ट्रातल्या शाळांचा कोड २७ ने सुरू होतो. एक अंक चुकला तर मूल दुसऱ्याच शाळेच्या खात्यावर जायचं, म्हणून कोड तोंडी न ऐकता शिक्षकांकडून लिहून घ्यावा लागायचा. उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळायचं, डेटा नाममात्र लागायचा. मुलांना ते आवडलंही. पण बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात आणि पर्याय निवडून पायऱ्या येत नाहीत. अशी चाचणी आठवड्याची उजळणी म्हणून ठेवा, त्यावरून मुलाला विषय येतो असं धरू नका.

कापलेला अभ्यासक्रम आणि सेतू

जुलै २०२० मध्ये अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी झाला. वगळलेल्या भागांच्या याद्या एससीईआरटीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये होत्या, पुस्तकात अर्थातच नव्हत्या. त्यामुळे मुलं वगळलेले भाग वाचत बसली आणि काही जण उलट ठेवलेले भाग सोडून पुढे गेले. असं पुन्हा कधी झालं तर यादी हाती येताच पुस्तकात पेन्सिलने खुणा करा, पेनाने नको, कारण निर्णय बदलू शकतो.

१ जुलै २०२१ पासूनचा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम ही या सगळ्यातली सर्वांत विचारपूर्वक आखलेली गोष्ट. मागच्या इयत्तेतलं काय राहिलं ते दिवसाप्रमाणे कृतिपत्रिकांत आणि मध्ये चाचण्या. तोही पीडीएफ. पडद्यावर बघून वहीत उतरवण्यात अर्धा वेळ जातो, आणि झेरॉक्सच्या दुकानात पानाला रुपया-दोन रुपये धरले तर सगळ्या विषयांचा खर्च हातावर पोट असणाऱ्या घराला जड जातो. हे छापून शाळेच्या दारात वाटायला हवं होतं. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. कागद-भिंत या माध्यमांची ताकद तिथल्या शिक्षकांना कळली होती.

परीक्षेच्या वेळी काय उघडं पडलं

२०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. निकाल लागला तो नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिक-अंतर्गतचे २० अशा सूत्राने. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. नववीच्या वह्या, चाचण्या जपून ठेवल्या नव्हत्या ती घरं तेव्हा चिंतेत पडली. तेव्हापासून आमचा आग्रह आहे: नववीची प्रत्येक तपासलेली उत्तरपत्रिका निकाल हाती येईपर्यंत घरात ठेवा.

२०२२ मध्ये परीक्षा प्रत्यक्ष झाली, मुलांना आपल्याच शाळेत केंद्र मिळालं आणि लेखनाचा सराव तुटला हे मान्य करून ८० गुणांच्या पेपरला अर्धा तास, ४० गुणांच्या पेपरला पाव तास जास्त दिला गेला. दोन वर्षं मुलांनी टाइप केलं, पर्याय निवडले, फोटो काढले. सलग दोन तास लिहिलं नाही. हात भरून येतो, अक्षर शेवटच्या दोन प्रश्नांत मोडतं, आणि येत असलेलं उत्तर राहून जातं.

शाळा पुन्हा कधी फोनवर गेली तर पहिल्याच महिन्यापासून हे एक काम घरी चालू ठेवा. दर रविवारी ४० गुणांचा एक पेपर, दोन तास, फोन दुसऱ्या खोलीत. प्रश्नांसाठी एससीईआरटीच्या प्रश्नपेढ्या पुरतात. एक रविवार गणित भाग १, पुढचा विज्ञान भाग १, मग भाग २, अशी पाळी लावा. लिहिलेला पेपर फोटो काढून पाठवू नका. पंधरा दिवसांचे पेपर एका पाकिटात घालून शाळेत नेऊन द्या. शाळा मुलांना बंद असली तरी कार्यालय बहुधा उघडं असतं. शिक्षकांना गुण देण्याची विनंती करू नका. पायरी कुठे चुकली तिथे फक्त गोल करायला सांगा. त्याला त्यांना पेपरमागे दोन-तीन मिनिटं लागतात, आणि पाकीट परत आलं की मुलाने त्याच पायरीपासून उदाहरण पुन्हा सोडवायचं.